अर्धेरावांची आठ आसनी जीप

माणसाचं नाव आईवडील ठेवतात, पण ते टिकू द्यायचं की नाही हे मेहुण्यांच्या हातात असतं. अर्धेरावांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं. पण पाटीचा एक स्क्रू लावायचा राहून गेल्यामुळे ती तिरकी लोंबायची आणि वाचणाऱ्याला मान वाकडी करावी लागायची. ती पाटी बघूनच त्यांच्या मेहुण्याने 'अर्धेराव' हे नाव काढलं आणि ते असं चिकटलं की पोस्टमनही तेच म्हणायला लागला. घरात या नावाला पुरावेही भरपूर होते. बासरीच्या शिकवणीत अर्धेराव 'सा'पासून 'म'पर्यंत पोचले होते. बाल्कनीची खिडकी डावीकडून निळी होती आणि उजवीकडून जशी होती तशीच होती. भिंतीवर एकाच खिळ्यावर तोललेली पुस्तकांची फळी होती, पण तिच्यावर पुस्तकं ठेवायची नाहीत अशी बायकोची सक्त ताकीद होती. आणि बायको तर शाळेत ग्रंथपाल होती. पाणीपुरवठा कार्यालयात लोकांचे अर्ज तपासायचे आणि त्रुटी काढून परत पाठवायचे, एवढं एकच काम अर्धेराव रोजच्या रोज पूर्ण करत.

तर अशा या गृहस्थांनी एक जुनी जीप विकत घेतली.

याला कारण छकुली. छकुली म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. नाव छकुली असलं तरी उंची बापापेक्षा जास्त आणि हुद्दा हवामान निरीक्षक. लांबच्या एका डोंगराच्या माथ्यावर हवामान केंद्र होतं. तिथे ती वारा, पाऊस आणि ढग यांची नोंद करून खाली कळवायची. पायथ्यापर्यंत बस जायची. पुढची वाट म्हणजे नुसते दगडधोंडे आणि छातीवर येणारा चढ. साधी मोटार तिथे चालणं शक्य नव्हतं. वर जायची ती फक्त सरकारी सामानाची गाडी, आणि तिच्यात बाहेरच्या माणसाला बसायची परवानगी नव्हती. अर्धेरावांचे गुडघे आणि त्यांच्या बायकोचा दमा या दोघांनी मिळून त्या वाटेच्या पहिल्याच वळणावर हात टेकले होते. त्यामुळे भेट व्हायची ती छकुली सुट्टी काढून खाली आली तरच, आणि तिला सुट्टी मिळायची ती तिच्या जागी दुसरं कोणी वर गेलं तरच.

एकदा तिला बसमध्ये बसवताना अर्धेराव म्हणाले, "पुढच्या वेळी तू येऊ नकोस. आम्हीच येतो वर."

छकुली हसली. "बाबा, तुम्ही म्हणालात ना, त्यातच सगळं आलं."

बोलली ती प्रेमानेच, पण अर्धेरावांना ते आत कुठेतरी जाऊन रुतलं. मेहुणा हसला तर हसू देत, मेहुण्याचं ते कामच असतं. पण स्वतःची मुलगी समजूतदारपणे हसली की माणसाला तोंड कुठे लपवावं ते कळत नाही. बस सुटली आणि अर्धेराव तिथल्या तिथे मनाशी म्हणाले, आता वर जायचंच.

जीप मिळाली एका बंद पडलेल्या खडीच्या खाणीच्या मागे. तिच्यात मागच्या बाजूने एक झाड उगवलं होतं आणि झाडाची तब्येत जीपपेक्षा कितीतरी चांगली होती. खाणवाल्याने आधी झाडासकट न्या म्हणून आग्रह केला. घराला रंग द्यायचे म्हणून बाजूला ठेवलेले पैसे अर्धेरावांनी त्याच्या हातावर ठेवले आणि ट्रॅक्टरला दोरखंडाने बांधून जीप घरी आणली. इमारतीच्या फाटकातून ती आत येताना बायको बाल्कनीत उभी होती. फक्त तिने अर्ध्या रंगवलेल्या खिडकीकडे एकदा पाहिलं आणि आत निघून गेली.

बोलायला शेजारी होतेच. वरच्या मजल्यावर एक निवृत्त इंजिनियर राहायचे. त्यांनी आयुष्यभर पूल बांधले होते, त्यामुळे जगातल्या कुठल्याही वस्तूकडे ते पूल म्हणूनच बघत. जीपभोवती फेरी मारून ते म्हणाले, "पाया खचलाय. मी तुमच्या जागी असतो तर पाडून नवीन बांधली असती." समोरच्या काकूंनी खाली येऊन जीपच्या बॉनेटवर गोधड्या वाळत घातल्या आणि म्हणाल्या, "बरं झालं बाई आणलीत, दोरीवर जागाच पुरत नव्हती." इमारतीचे सेक्रेटरी नियमाला फार पक्के. त्यांनी सभा बोलावली आणि 'मागील आवारातील वस्तू ही वाहन आहे की अडगळ' या विषयावर चर्चा ठेवली. चर्चेअंती वस्तू ही अडगळ ठरली. स्वतः अर्धेरावांनी 'वाहन' म्हणून हात वर केला होता. बायकोने हात खालीच ठेवला होता, हे त्यांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं.

गॅरेजवाला आला तो आणखी वेगळ्याच तऱ्हेचा निघाला. कुठलाही बिघाड सांगण्याआधी तो टोपी काढायचा आणि आवाज खाली आणायचा. "साहेब, मन घट्ट करा," तो म्हणाला. "कार्ब्युरेटर गेला."

"बरं."

"क्लचप्लेटही राहिली नाही. आणि गिअरबॉक्सचं तर... आता काय सांगू तुम्हाला." असं म्हणून त्याने खरोखरच डोळे पुसले. अर्धेरावांना उगीचच त्याच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला.

मग सुरू झाली ती मोडतोड. रोज संध्याकाळी कचेरीतून आल्यावर अर्धेराव जुनी पँट चढवून जीपखाली जायचे आणि काळे होऊन वर यायचे. गॅरेजवाला उघडायचा आणि अर्धेराव वर्गवारी करायचे, कारण वर्गवारी म्हणजे त्यांचं होमपीच. निघालेला प्रत्येक नट, बोल्ट आणि वॉशर त्यांनी डब्यांमध्ये ठेवला आणि डब्यावर चिठ्ठी लावली, 'पुढचं चाक, डावं, आतून', 'रेडिएटरच्या पाठीमागे, वरून', 'कुठून पडला माहीत नाही, पण इंजिनच्या आसपास'. बाल्कनी भरली, मग पलंगाखालची जागा भरली, मग पाहुण्यांची खोली भरली. आजवरच्या आयुष्यात इतकं नेटकं काम आपण केलं नाही असं अर्धेरावांना वाटायला लागलं. रंगाच्या पैशांमागोमाग नव्या सोफ्याचे पैसेही जीपच्या पोटात गेले. त्या दिवशी मात्र बायको बोलली. म्हणाली, "पाहुण्यांना आता बोल्टवर बसवू."

आणि एके दिवशी तिची बहीण राहायला येणार म्हणून कळलं. अर्धेराव कचेरीत होते. बायकोने पदर खोचला आणि पाहुण्यांची खोली आवरली. नुसती आवरली असती तर ठीक होतं. पण ती ग्रंथपाल. वस्तू दिसली की ती तिच्या जातभाईंजवळ नेऊन ठेवायची, हे तिच्या हाडीमांसी खिळलेलं. संध्याकाळी अर्धेराव आले तेव्हा खोली आरशासारखी लख्ख होती. भिंतीला लागून बरण्या ओळीने मांडल्या होत्या आणि त्यांच्यावर मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं, 'बोल्ट, आखूड', 'बोल्ट, मध्यम', 'बोल्ट, लांब', 'बोल्ट, त्याहून लांब', 'वॉशर, उंचीनुसार नव्हे, घेरानुसार', 'स्प्रिंगा'. शेवटी एक मोठं पिंप होतं. त्याच्यावर 'संकीर्ण' असं लिहिलं होतं.

"माझ्या चिठ्ठ्या?" अर्धेरावांनी कसंबसं विचारलं.

"फेकल्या. तेलकट झाल्या होत्या. आता बघा, कसं पटकन सापडेल."

अर्धेराव मटकन खाली बसले. आता प्रत्येक वस्तू एका क्षणात सापडत होती. फक्त ती कुठे लावायची हे या पृथ्वीवर कोणालाही माहीत नव्हतं. गॅरेजवाल्याला बोलावलं. त्याने बरण्या पाहिल्या, टोपी काढली आणि ती तशीच हातात धरून निघून गेला. त्यानंतर बरेच दिवस तो फिरकलाच नाही. बातमी इमारतभर झाली. मेहुण्याने फोन करून विचारलं, "काय अर्धेराव, अर्ध्यावर आली म्हणे?" इंजिनियर म्हणाले की पुलाच्या बाबतीत असं झालं तर नदीच वळवतात. अर्धेरावांनी दोन वेळा जेवताना बायकोकडे मीठही मागितलं नाही. आळणी भाजी तशीच खाल्ली.

याच आठवड्यात छकुलीचा फोन आला. तिला शहरात बदली देऊ केली होती. मुख्य कार्यालयात टेबलाचं काम, वर पंखा, घरापासून एका बसचं अंतर. हो की नाही हे पुढच्या महिनाअखेरपर्यंत कळवायचं होतं.

बायकोचा चेहरा असा उजळला की अर्धेरावांना अबोलाच विसरायला झालं. "बघा! येतेय पोरगी घरी. आता द्या ते भंगार भंगारवाल्याला."

"तिला टेबलाचं काम आवडेल?"

"घरी राहायला आवडेल ना?"

अर्धेराव तिच्या शेजारी येऊन बसले. मग म्हणाले, "अगं, ती लहानपणी शाळा सोडून ढग बघत बसायची. त्या डोंगरासाठी तिने किती परीक्षा दिल्या, आठव. ती खाली येतेय ती टेबलासाठी नव्हे. आपण वर जाऊ शकत नाही म्हणून येतेय. आपल्याला कोण बघणार म्हणून येतेय." हे बोलणं त्यांना सोपं नव्हतं. कारण ती घरी यावी, संध्याकाळी जिन्यात तिची पावलं वाजावीत, असं त्यांनाही वाटत होतं आणि बायकोपेक्षा तसूभरही कमी वाटत नव्हतं. "एकदा, फक्त एकदा आपण वर जाऊन दाखवू. मग तिला हो म्हणायचं तर खुशाल हो म्हणू दे. पण आपल्या गुडघ्यांसाठी नको."

बायको उठून आत गेली. अर्धेरावांना वाटलं, झालं, आता ती पण अबोला धरणार. पण ती परत आली ती 'बोल्ट, आखूड' ही बरणी हातात घेऊन.

"मी मुद्दाम केलं असं वाटतंय ना तुम्हाला?"

"नाही नाही."

"थोडंसं मुद्दाम केलं," ती म्हणाली. "चला खाली. शाळेत 'जोड्या लावा'ला मला पैकीच्या पैकी मिळायचे."

मग महिनाभर नवराबायकोंनी जोड्या लावल्या. अर्धेराव जीपखाली झोपून भोकाचं माप ओरडून सांगायचे आणि ती वरून बोल्ट पुरवायची. नाही बसला तर परत घेऊन योग्य त्याच बरणीत ठेवायची. बरणी चुकलेली तिला खपायची नाही. अर्धेरावांचे गुडघे बोलायला लागले, हातांना भेगा पडल्या, कचेरीत त्यांच्या सह्यांवर तेलाचे ठसे उमटायला लागले. तरी एक संध्याकाळ चुकली नाही. कोणी सांगितलं नसतानाही गॅरेजवाला एक दिवस परत आला. जवळजवळ उभी राहिलेली जीप बघून त्याने टोपी काढली, पण या वेळी डोक्यावरून घाम पुसून परत घातली. पिंपातल्या 'संकीर्ण'पैकी मूठभर वस्तू शेवटपर्यंत उरल्या. "असतात काही भाग शोभेचे," असं म्हणून त्याने त्या खिशात टाकल्या. किल्ली फिरवल्यावर जीप खोकली, शिंकली, काकूंच्या गोधड्यांवर काळा धूर सोडला आणि चालू झाली.

पण चालू होणं वेगळं आणि कायदेशीर चालू होणं वेगळं. परवाना नव्याने करायला अर्धेराव वाहन तपासणी कार्यालयात गेले. तपासनीस एक किडकिडीत गृहस्थ होते. त्यांनी जुना कागद पाहिला, जीप पाहिली, परत कागद पाहिला.

"कागदावर आठ आसनं आहेत. इथे दोनच दिसतात."

"आम्ही दोघंच जाणार आहोत."

"तुम्ही कितीही जा. गाडी आठ आसनी आहे. आठ आसनं, आठ माणसं, आणि मागचा तो चढ न थांबता चढायचा. मधे कोणी उतरलं की नापास."

अर्धेरावांना राग येईना, हीच खरी अडचण होती. नियम चोख होता. त्यांच्या स्वतःच्या टेबलावर असा अर्ज आला असता तर त्यांनीही अगदी हेच केलं असतं, कदाचित थोडं जास्त आनंदाने. त्यांनी मनातल्या मनात तपासनिसांना दाद दिली आणि घरी येऊन माणसं गोळा करायला लागले. महिना संपायला दोन दिवस उरले होते.

सेक्रेटरी म्हणाले, अडगळीत बसायला नियमात तरतूद नाही. मग स्वतःच म्हणाले, पण ती वाहन ठरली तर माझा ठराव आपोआप रद्द होईल आणि आवार मोकळं होईल. आणि सभागृहातली दोन बाकं घेऊन जीपमध्ये चढले. इंजिनियर भार किती पडतो ते बघायला म्हणून आले. काकू गोधड्यांची भरपाई मागायला आल्या आणि तशाच बसल्या. मेहुणा तर अशी संधी सोडणारच नव्हता. गॅरेजवाला आला, अर्धेराव आणि बायको होतेच. सात झाले. आठवा कोणी मिळेना, तेव्हा तपासणी कार्यालयातल्या रांगेतून एका अनोळखी गृहस्थांना हाताला धरून आणलं. ते स्कूटरच्या कामाला आले होते. "माझा नंबर जाईल हो," असं ते म्हणत होते, तेवढ्यात जीप सुटली.

चढ सुरुवातीला सोपा होता, त्यामुळे सगळ्यांना बोलायला सवड मिळाली. इंजिनियर म्हणाले वजन मधे घ्या, सेक्रेटरी म्हणाले बाकावर ओरखडा पडतोय, मेहुणा म्हणाला बरोब्बर अर्ध्यावर थांबणार बघा. आणि खरोखरच अर्ध्यावर जीपचा जीव घुटमळायला लागला. इंजिन गुरगुरलं. वेग इतका कमी झाला की शेजारून एक शेळी पुढे निघून गेली.

"उतरूया का? जरा हलकी होईल बिचारी," काकूंनी एक पाय बाहेर काढला.

"माझा नंबर गेला असेल," अनोळखी गृहस्थ म्हणाले.

"सगळे गप्प बसा! आणि काकू, पाय आत!"

हा आवाज कोणाचा ते आधी कोणालाच कळलं नाही. अर्धेरावांनी उभ्या आयुष्यात कोणावर आवाज चढवला नव्हता. चढवला असलाच तर तो निम्म्यात उतरला होता. काकूंचा पाय आत आला. मेहुण्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. त्या शांततेत अर्धेरावांनी खालचा छोटा दांडा पुढे ढकलला, चारही चाकांना ताकद मिळाली आणि जीप माती ओरबाडत, एकेक दगड पायाखाली घालत, रांगत रांगत वर गेली. माथ्यावर पोचल्यावर टाळ्या वाजवायला पहिले हात वर झाले ते मेहुण्याचे. तपासनिसांनी शिक्का मारला. अनोळखी गृहस्थांचा नंबर खरंच गेला होता, पण ते म्हणाले, "परत कधी लागलो तर सांगा."

दुसऱ्या दिवशी, म्हणजे उत्तर कळवायच्या शेवटच्या दिवशी, नवराबायको पहाटेच निघाले. पायथ्याशी बस थांबायची ती जागा मागे पडली, पहिलं वळण मागे पडलं आणि मग रस्ता म्हणावं असं काही उरलंच नाही. अर्धेरावांनी दात आवळले. जीप दोनदा गरम झाली, दोनदा थांबून तिला पाणी पाजलं. एकदा ती घसरून मागे आली तेव्हा बायको म्हणाली, "परत जायचं का?" अर्धेराव म्हणाले, "नाही." एवढंच संभाषण झालं. बाकी सगळा वेळ अर्धेराव मनात एक भाषण जुळवत होते. बाळा, तू आमच्यासाठी तुझं काम सोडू नकोस, आता आम्ही येऊ शकतो. भाषण चांगलं जमलं होतं.

छकुली दारात उभी होती. आवाज ऐकून ती सरकारी सामानाची गाडी आली समजून बाहेर आली होती. जीपमधून आई उतरताना पाहिली आणि तिच्या हातातली छत्री खाली पडली. ती धावत आली आणि दोघांच्या गळ्यात पडली. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही आलात?" आणि रडायला लागली.

खोली एवढीशी होती. एक खाट, एक स्टोव्ह, यंत्रांचं एक टेबल. छकुलीने चहा केला. दोन घोट घेतले असतील नसतील, तेवढ्यात घड्याळाकडे बघून ती कप ठेवून उठली. "आलेच हं, वाऱ्याची वेळ झाली." बाहेर वारा असा होता की दार उघडायला तिला खांदा लावावा लागला. खिडकीतून बायको बघत राहिली. छकुली लोखंडी शिडीवरून उंच खांबावर चढली. वाऱ्याने केस उडत होते, आणि ती मान वर करून ढगांकडे बघून हसत होती, जसं ओळखीच्या माणसाकडे बघून हसावं. खाली आल्यावर तिने वायरलेसवर आकडे सांगितले. तिचा आवाज एकदम वेगळा होता, ठाम आणि मोठ्या माणसाचा. घरी असा आवाज तिने कधी काढला नव्हता.

मग ती खाटेवर बसली. "संध्याकाळपर्यंत कळवायचंय मला. मी हो म्हणूनच कळवणार आहे, बाबा. तुम्ही एवढे हाल काढून आलात, आता मी तुम्हाला लांब ठेवणार नाही."

अर्धेराव भाषणासाठी उभे राहिले. "बाळा," ते म्हणाले. "तू आमच्यासाठी..." समोर मुलगी बसली होती. ती घरी येते म्हणत होती. जिन्यातली तिची पावलं त्यांना ऐकू यायला लागली, आणि पुढचं वाक्य काही केल्या तोंडातून बाहेर पडेना. इतक्या चढावर न थांबलेला माणूस तिथे बरोब्बर अर्ध्यावर थांबला.

बायकोने चहाचा कप खाली ठेवला. "नाही म्हणून कळव," ती म्हणाली.

"आई?"

"नाही म्हणून कळव. टेबलापाशी बसून तुला काय ढग दिसणार आहेत? आम्ही येत जाऊ. दर महिन्याला येऊ." तिने पदराने डोळे टिपले आणि नवऱ्याकडे वळून आवाज चढवला. "आणि तुम्ही काय नुसते बघत उभे राहिलाय? माझ्या बाजूला धरायला एक दांडी बसवून घ्या आधी. येताना सगळी वाट मी तुमचा सदरा धरून बसले होते."

अर्धेराव नाक ओढत पाना आणायला बाहेर गेले.